कंपनीची माणसं

गाब्रोवो, ८ ऑक्टोबर

प्रिय नेदा,

कामेनच्या मिनीबसमधून हे पत्र आणि ल्युतेनित्साच्या बरण्या पाठवतोय. मिरच्या यंदा मीच भाजल्या, मागच्या अंगणात, तेव्हा चटणी जळकी लागली तर बोंब मारू नकोस. तुझी वहिनी तोदोर्का होती तोवर माझ्याकडे फक्त झाकणं घट्ट पिळायचं काम असायचं. एक बरणी तू सांभाळतेस त्या म्हातारीला दे.

फोनवर मी गाडीचा विषय काढला की तू "कामाचं बोल" म्हणतेस, म्हणून आता लिहूनच सांगतो. तोदोर्काला जाऊन तीन वर्षं झाल्याचं, तिच्या फोटोचं पत्रक मी रीतीप्रमाणे दाराला चिकटवलं, आणि त्याच आठवड्यात तिचा फ्लॅट विकून घेतलेली ही विजेवरची गाडी दारात उभी राहिली. शेजारी काय बोलले असतील ते तुला सांगायला नको. पण नेदा, ती पहिल्यांदा सुरू केली आणि आवाजच आला नाही, तेव्हा मला रडू आलं. सव्वीस वर्षं मी ट्रॉलीबस चालवली. अशीच गुपचूप निघायची ती. मग वरच्या तारा काढून नेल्या आणि मला पेन्शनपर्यंत डिझेलच्या खडखडणाऱ्या डब्यावर बसवलं. आता ते सगळं परत मिळाल्यासारखं वाटतं.

मंगळवारची गंमत ऐक. सुपरमार्केटच्या आवारात गाडी चार्जिंगला लावून उभा होतो. सेव्हलिएव्होहून आलेली एक बाई, कडेवर रडणारं पोर, तरातरा माझ्याकडे आली. "तुमचं ते दुसरं यंत्र बंद आहे! परवाही बंद होतं. लाज वाटत नाही तुम्हा कंपनीच्या लोकांना?" आता मी म्हणायला हवं होतं की बाई, मीही तुमच्यासारखाच गाडीवाला. पण तोंडातून काय निघालं माहितेय? "माफ करा बाई, आमच्याकडून चूक झाली." आमच्याकडून! मग माझी गाडी बाजूला घेतली, तिची लावून दिली, पोराला शिंगं दाखवून हसवलं. जाताना तिने मला वेफर्सचा पुडा दिला. मी घेतला.

खरं सांगायचं तर तिची फार चूक नाही. तार्नोवोच्या शोरूममध्ये माणसं कमी आणि गिऱ्हाइकं फार, म्हणून कंपनीने आम्हा आधीच गाडी घेतलेल्यांना विचारलं, शनिवारी येऊन नव्या लोकांना गाडी समजावून सांगाल का? एक दातांचा डॉक्टर येतो, एक आर्किटेक्ट येतो, आणि मी. निळं जाकीट मिळालंय, छातीवर कंपनीचं चिन्ह, मंगळवारी तेच अंगात होतं. तिथले मॅनेजर तिहोमिरोव साहेब, वयाने माझ्या मुलासारखे, सगळ्यांसमोर मला "आमचा नायदेन" म्हणतात.

तब्येतीला जप.
तुझा दादा,
नायदेन


फेर्रारा, १९ ऑक्टोबर

दादा,

बरण्या पोचल्या. जळक्याच आहेत. आदेले बाईंनी चमचाभर चाखून "ब्राव्हो" म्हटलं आणि मग पाणी पीत बसल्या. मी मात्र रोज पावाला लावून खाते, त्या झोपल्या की.

आता मला नीट कळू दे. शनिवारी सकाळपासून तू उभा राहून कंपनीच्या गाड्या लोकांच्या गळ्यात घालतोस, शिव्या आल्या तर कंपनीच्या वतीने माफी मागतोस, आणि कंपनी तुला काय देते? जाकीट. दादा, आपण गाब्रोवोचे. थंडी आत येऊ नये, दार पटकन लागावं म्हणून मांजराचं शेपूट कापणारे, असं म्हणून अख्खा देश आपल्याला हसतो. आणि तू फुकट राबतोस? गावात कळलं तर तुला वेशीबाहेर काढतील.

बरं, चेष्टा पुरे. तुला त्यात बरं वाटतं ना, मग झालं. तोदोर्का वहिनी गेल्यापासून तुझ्या आवाजात इतका जीव मी ऐकला नव्हता.

आता कामाचं. मिंचो माझ्याशी बोलत नाही. रविवारी फोन करते तेव्हा "हं" म्हणतो, "बरं" म्हणतो, हवामान सांगतो. कापडगिरणी बंद झाली तेव्हा म्हणायचा, महिन्याभरात दुसरं काम बघतो. मग मी इकडे इटलीत आले, आणि त्याने बघणंच सोडलं. बायकोच्या पैशावर जेवतो हे त्याच्या घशाखाली उतरत नाही, आणि दुसरं काही करतही नाही. परवा म्हणाला, "नेदा, तू दुसऱ्याच्या आईला न्हाऊ घालतेस आणि मी इथे खिडकीत बसतो. असं किती दिवस?"

तुझा तिथे शब्द चालतो. त्या साहेबांना सांग ना, माझा मेहुणा आहे, पंचवीस वर्षं माग दुरुस्त केलेत त्याने, यंत्राची भाषा कळते. धुवायला-पुसायला का होईना, त्याला चिकटवून दे. ज्या दिवशी मिंचो कामाला लागेल त्या दिवशी मी इथली बॅग भरते. सहा वर्षं झाली दादा. मला माझ्या घरात झोपायचंय.

नेदा


गाब्रोवो, ५ नोव्हेंबर

प्रिय नेदा,

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून मिंचोकडे गेलो. दार उघडायला त्याने इतका वेळ लावला की मला नको ते वाटायला लागलं. दाढी वाढलेली, अंगात झोपायचे कपडे. मी म्हटलं, "आवर. शनिवारी तार्नोवोला यायचंय माझ्याबरोबर."

"मला काय कळतं गाड्यांमधलं? मी मागाचा माणूस."

"मागाला काय मोटर नव्हती? चल, नखरे नकोत."

आला. तिहोमिरोव साहेबांनी हात मिळवला, त्यालाही जाकीट दिलं. बाह्या लांब होत्या, दुमडून घेतल्या. सकाळभर काचा पुसत होता, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. दुपारी द्र्यानोवोचा एक निवृत्त कर्नल आला, ह्या भल्या मोठ्या झुपकेदार मिशा. सरळ मिंचोकडे गेला. "इंजिनियर साहेब, थंडीत एका चार्जवर किती जाते हो ही?"

मिंचोने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. तेव्हा तो म्हणाला, "शिपकाच्या घाटात चढताना बॅटरी झरझर उतरते. पण पलीकडे उतारावर थोडी परत भरते. गाडी बिथरत नाही, आपण बिथरतो." पहिली दोन वाक्यं माझीच, वाटेत मी त्याला सांगितलेली. शेवटचं त्याचं स्वतःचं. कर्नल हसला आणि जाताना त्याने मिंचोचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

परतताना मिंचो खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, "इंजिनियर म्हणाला मला."

नेदा, आता तो दर शनिवारी माझ्याबरोबर कामावर येतो. दाढी करतो. कंपनीचं ते जाडजूड माहितीपुस्तक घरी नेऊन वाचतो, भिंगातून. साहेब म्हणाले, अशी माणसं शोधून मिळत नाहीत. पुढच्या महिन्यात गाड्यांची मोठी खेप यायची आहे, तेव्हा मधल्या वारीही बोलावतील. तू काळजी सोड.

नायदेन


फेर्रारा, २० नोव्हेंबर

दादा, माझ्या दादा,

"कामावर येतो." हे वाक्य मी आदेले बाईंना वाचून दाखवलं, बल्गेरियनमध्येच. त्यांना काही कळलं नाही, पण मी रडायला लागले म्हणून त्याही रडल्या. मग दोघींनी मिळून त्यांची औषधाची वाइन प्यायली.

रविवारी फोनवर मिंचोच बोलत होता, मी नाही! कुठली गाडी किती वेळात भरते, कुणाला काय समजावलं. मी विचारलं, पगार कसा? म्हणाला, आधी हाताखाली बघतात, मग सगळं एकदम ठरवतात. बरोबर आहे ना दादा? मोठ्या कंपन्यांत असंच असतं म्हणे. मी जास्त खोदलं नाही. त्याच्या आवाजाला धक्का लागेल असं काही विचारायची मला छाती झाली नाही. पण तू बघून घे, त्याचा विमा उतरवलाय का, कागदावर सही घेतलीय का. तो असल्या बाबतीत भोळा आहे.

कामेनबरोबर त्याच्यासाठी लोकरीचे मोजे आणि दोन शर्ट पाठवलेत. लोकांसमोर उभं राहायचं तर कॉलर नीट हवी.

मी आता ओर्नेल्लाशी, म्हणजे आदेले बाईंच्या मुलीशी, बोलणार आहे. जानेवारीअखेर मोकळं करा म्हणून. तुला हे सगळ्यात आधी सांगतेय.

तुझी बहीण नेदा


गाब्रोवो, ७ डिसेंबर

प्रिय नेदा,

काल निकुलदेनचा सण झाला. मिंचोने कार्प मासा आणला, भात आणि अक्रोड घालून भाजला. चांगला झाला होता. तुझा शर्ट घालून बसला होता.

जाण्याचं ओर्नेल्लाशी इतक्यात बोलू नकोस. म्हातारीला भर हिवाळ्यात नव्या माणसाच्या हाती देणं बरं नव्हे. वसंतापर्यंत थांब. इकडे थंडी खूप आहे, तुमच्या खोलीचं छतही बघायला हवं. काही गोष्टी अजून पक्क्या व्हायच्या आहेत. कसल्या ते भेटल्यावर सांगेन.

शर्ट छान आहेत.

नायदेन


फेर्रारा, १५ डिसेंबर

दादा,

छत? छतावर कौलं मी माझ्या पहिल्या वर्षाच्या पैशांतून घातली. त्याला काय धाड भरलीय?

मी मूर्ख नाही. सहा वर्षं नवरा एकटा राहतोय. आता त्याच्या खिशात चार पैसे येणार, दाढी रोज होते, आवाजात जीव आलाय, आणि नेमकं तेव्हाच माझा भाऊ मला म्हणतो, घरी येऊ नकोस. कोण आहे ती? शोरूममधली आहे का? मला सरळ नाव सांग. इथल्या प्रत्येक बाईची हीच गोष्ट आहे, फक्त माझी वेगळी असेल असं मी समजत होते.

आणि असली कुणी, तरी मी येणारच. ते माझं घर आहे. ओर्नेल्लाला मी सांगून टाकलंय. तिने मोल्दोवाची एक बाई ठरवली, ती नाताळनंतर येऊन माझ्याकडून काम शिकणार आहे. आता मागे फिरायचं नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याला एकटं जेवू देऊ नकोस, एवढं कर. बाकी मी आल्यावर बघते.

नेदा


गाब्रोवो, ९ जानेवारी

नेदा,

फोनवर मी सांगितलं ते खरं होतं, पण अर्धंच. मिंचोचा पाय मोडलाय, घोट्याचा चुरा झालाय, शस्त्रक्रिया झाली, जिवाला धोका नाही. हे तुला माहीत आहे. आता बाकीचं.

बाई कुणी नाही. कधीच नव्हती. काम नव्हतं.

मिंचोला कुणी कामावर ठेवलं नव्हतं. मला ठेवलं नव्हतं तसंच. मी "कामावर येतो" असं लिहिलं तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. सकाळी सातला निघायचं, साहेब सांगतील ते करायचं, संध्याकाळी दमून यायचं, याला आणखी काय म्हणतात? पुढे तू पगार, विमा विचारलंस तेव्हा मी मिंचोकडे गेलो, म्हटलं, नेदाला सांगून टाकू. तो म्हणाला, "साहेब घेणार आहेत मला. तसं बोललेत. थोडा धीर धर, मग खोटं राहणारच नाही ते." मलाही तेच हवं होतं. म्हणून ते छताचं लिहिलं.

वर्ष संपायच्या आत सगळ्या गाड्या लोकांना द्यायच्या होत्या. त्या दिवशी आवारात चिखलबर्फ झाला होता. ट्रकवरून गाड्या उतरत होत्या. एक गाडी उलटी उतरवताना ट्रकच्या फळीवर अर्ध्यात अडली, तिच्यात वीजच नव्हती. तिहोमिरोव साहेब ओरडले, "मिंचो, मागून जरा हात लाव!" डॉक्टर आणि आर्किटेक्ट आत गिऱ्हाइकांबरोबर कॉफी घेत होते. मी पलीकडे होतो. मिंचो मागे गेला. तिला धरून ठेवणारा पट्टा सुटला आणि गाडी मागे आली. आवाज नाही नेदा, काहीच आवाज नाही. मला त्यांचं हेच आवडायचं. मिंचो खांबात आणि गाडीत सापडला.

रुग्णवाहिकेतल्या पोरीने विचारलं, "कुठे कामाला आहेत हे?" मी म्हटलं, "इथेच, कंपनीत." साहेब माझ्या मागेच उभे होते. हळू आवाजात, अगदी सभ्यपणे म्हणाले, "नाही, नाही. पाहुणे आहेत."

मिंचोने ते ऐकलं. त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा वकील भेटला. म्हणाला, हा मनुष्य आमचा नोकर नाही, आमच्या गाडीचा मालकसुद्धा नाही, मग तो आमच्या आवारात करत काय होता? मी म्हटलं, तुमच्या गाड्या उतरवत होता. तो म्हणाला, "कुणाच्या सांगण्यावरून?" मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

तुला काय लिहू.

नायदेन


फेर्रारा, १७ जानेवारी

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मोल्दोवाच्या बाईला शिकवत होते, आदेले बाईंना कुशीवर कसं वळवायचं ते. पत्र वाचून ओर्नेल्लाकडे गेले. विचारलं, मी राहिले तर? ती म्हणाली, "नेदा, तू तर आमच्या घरचीच. पण आता तिला शब्द दिलाय." तिच्या पिशव्या माझ्या खोलीत आल्या आहेत. मी सोफ्यावर झोपते.

ऐक. मी इथे आले त्या पहिल्या आठवड्यातही ओर्नेल्ला असंच म्हणाली होती, तू आमच्या घरचीच. मी तिला म्हटलं, छान, मग पगार कुठल्या तारखेला? ती दुखावली. पण तारीख सांगितली, आणि सहा वर्षं त्या तारखेला पगार झाला. मला इथे कुणी प्रेमाने मिठी मारली तर मी मारू दिली, पण माझा करार माझ्या पेटीत होता. तुला एवढं कळू नये? साठी ओलांडलेला माणूस, कुणी "आमचा नायदेन" म्हटलं की शेपूट हलवतो!

आणि तू फुकट राबलास ते तुझ्या पेन्शनवर. डॉक्टर राबला, त्याच्याकडे दवाखाना आहे. तुमचा तो शनिवारचा छंद होता. मिंचोकडे काय होतं? तुम्ही खेळत होतात आणि त्याला वाटलं आपल्याला नोकरी लागतेय.

मी येतेय. त्याला अंघोळ घालायला कुणी लागेल. त्याची मला चांगली सवय आहे.

तू एक कर. श्रम खात्याच्या निरीक्षकाकडे जा. इथल्या एका बाईच्या भावाचं तसंच झालं होतं, कागद नसतानाही निरीक्षकाने ठरवलं की तो नोकरच होता, कारण वेळ आणि हुकूम मालकाचे होते. किती गिऱ्हाइकांनी तुम्हाला कंपनीची माणसं समजलं, ते सगळे साक्षीला बोलाव. इतके दिवस लोकांच्या त्या गैरसमजाने सुखावलास ना, आता त्याचा उपयोग कर.

नेदा


गाब्रोवो, १४ मार्च

नेदा,

त्याचं करून तू पैशासाठी पुन्हा इटलीला गेल्यापासून मिंचो माझ्याशी बोलत नव्हता, आता तर दारही उघडत नाही. सुनावणीचं तुला त्याने काय सांगितलं असेल कुणास ठाऊक. जे झालं ते मी लिहितो.

निरीक्षक बाई चांगली होती. घाई नाही, आवाज चढवणं नाही. तो कर्नल आला, मिशा कातरून, पदक लावून. म्हणाला, "मी या दोघांना कंपनीचे इंजिनियर समजलो. जाकीट होतं, गाडीची किल्ली यांनीच माझ्या हातात दिली. आणखी काय ओळख हवी?" सेव्हलिएव्होची ती वेफर्सवाली बाईही आली. कंपनीचा वकील उठला आणि म्हणाला, "लोकांचा गैरसमज झाला. त्याला कंपनी काय करणार?"

डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, "आम्ही प्रेमापोटी जातो. आम्हाला कुणी हुकूम सोडत नाही. तसं म्हणणं हा आमचा अपमान आहे." आर्किटेक्टही तेच बोलला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "नायदेन, तुम्ही आपल्या सगळ्यांचं नाव घालवलंत." नेदा, तीन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मीही छाती पुढे काढून डॉक्टरचंच वाक्य बोललो असतो.

मी सगळं सांगितलं. सातची वेळ, उशीर झाला की साहेबांचा फोन, मधल्या वारी बोलावणं, आणि "मिंचो, मागून हात लाव". निरीक्षक बाई लिहून घेत होती. एकदा तिने मान हलवली. मला वाटलं, जमलं.

मग मिंचो. कुबड्यांवर आला, तू इस्त्री करून ठेवलेला शर्ट, टाय. साहेबांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मी पाहुणा होतो. मेहुण्याबरोबर गाड्या बघायला गेलो होतो. हात लाव असं मला कुणीही सांगितलं नाही. मी आपणहून गेलो."

निरीक्षक बाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "नीट विचार करून सांगा. तुमच्याच हिताचं विचारतेय मी."

"विचार करूनच सांगतोय."

जिन्यात मी त्याला गाठलं. कुबड्यांमुळे त्याला पळता येत नव्हतं. "अरे, असं का केलंस?" तर माझ्यावर उसळला. "साहेबांनी शब्द दिलाय. वसंतात गोदामात घेणार आहेत, बसून करायचं काम, सुट्या भागांची नोंद. खटला झाला तर कोण घेईल मला? तुझं काय जातंय, तुझ्याकडे गाडी आहे, पेन्शन आहे. निदान आता तरी मध्ये तोंड घालू नकोस."

मी म्हटलं, "त्यांनी तुला घेतलं नाही तर?"

तो म्हणाला, "तूच नेलंस ना मला तिथे? तूच म्हणालास ना, चांगली माणसं आहेत?"

प्रकरण बंद झालं. मला त्या गाडीमालकांच्या गटातून काढलंय. मी आता तार्नोवोला जात नाही. मिंचोच्या दाराशी पाव आणि दही ठेवून येतो. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी असते, म्हणजे घेतो.

तू त्याला समजाव. तुझं ऐकेल.

नायदेन


सान ज्योव्हान्नी, २८ मे

दादा,

पत्ता बदललाय, वर लिहिलाय. काही पाठवायचं असेल तर कामेनकडे दे, तो इथपर्यंत येत नाही, खाली शहरात पिशवी सोडतो आणि मी महिन्यातून एकदा उतरते. डोंगरातलं गाव आहे. माझ्याकडे एक म्हातारा आहे, खाणीत होता, आता पलंगातच असतो. शिव्या देतो, थुंकतो. मुलगा भला आहे पण दूर राहतो. दोन वर्षांचा करार झालाय. आदेले बाई एप्रिलमध्ये गेल्या. मोल्दोवाच्या बाईने फोन करून सांगितलं, ओर्नेल्लाने नाही.

तिहोमिरोव साहेबांची सोफियाला बदली झाली, हे तू लिहिलंस. आणि नव्या साहेबाला मिंचोचं नावही माहीत नाही, हेही. तू स्वतः जाऊन विचारून आलास, त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. जायला तुला सोपं गेलं नसणार. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, आणि रागावलेलीच राहीन, पण त्याला पाव आणि दही ठेवायचं थांबवू नकोस.

तू म्हणतोस, मिंचोला मी समजावावं, साहेब गेला, नोकरी येणार नाही. तुला वाटतं, त्याला कळलेलं नाही? त्या बदलीची बातमी मला तुझ्या आधी त्यानेच सांगितली. हवामान सांगावं तशी सांगितली आणि पुढे बोलत राहिला. गोदामात हीटर आहे का, पाय दुखला तर स्टूल मिळेल का. मी ऐकत होते. माझ्या म्हाताऱ्याने तेवढ्यात हाक मारली, तर मिंचो म्हणाला, "जा तू, तुझं काम आहे."

मला ऑगस्टमध्ये आठवडाभर सुट्टी मिळते. या रविवारी ते त्याला सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. तर म्हणाला, "दिवसा पोचलीस तर मी घरी नसेन नेदा. कामावर असेन. किल्ली शेजारणीकडे ठेवून जाईन."

मी म्हटलं, बरं. ठेव.

नेदा